त्रेपन्न सालचा विजेता

त्या वर्षी अंतिम सामना झालाच नाही.
पार्क मैदानावर सर्कशीचा तंबू होता,
आणि वाघापुढे
दोन कॉलेजांच्या जिमखाना सेक्रेटऱ्यांचं काय चालणार.

मग दोघांनीही आपापल्या भिंतीवर फळी ठोकली.
दोन्ही फळ्यांवर तेच साल, तोच शब्द: अजिंक्य.
रंगवणाराही एकच, सिद्राम पेंटर.
त्यानं दोन्हीकडून पैसे घेतले
आणि म्हणे दोन्हीकडं विचारलं,
"जि ऱ्हस्व का दीर्घ?"

अठरा वर्षांनी बालय्या गुंडेटी सरांनी
हे निस्तरायचं मनावर घेतलं.
गणित शिकवायचे. फुटबॉलला जन्मात पाय लावलेला नाही.
साखर पेठ, मे महिना, पत्र्याचं छप्पर,
डोक्यावर ओला टॉवेल,
आणि सर रद्दीतल्या वर्तमानपत्रांतून
गोल वेचत बसलेले,
तांदळातले खडे वेचावेत तसे.
मी अकरावीत. आकडे वाचून दाखवायचं काम माझं,
पगार कडक भाकरी, शेंगाचटणी.

नुसते विजय मोजून भागत नाही, सर म्हणायचे.
कच्च्याला हरवलं त्यात काय हरवलं?
पक्क्याला हरवलं तर वजन जास्त.
पण पक्का कोण?
ज्यानं पक्क्यांना हरवलं, तो.
आणि ते पक्के कशावरून?
इथं सर चष्मा पुसायचे.
शेजारचा माग थांबायचा, धागा तुटला असेल,
मग दोघंही पुन्हा सुरू.

कागदावर उभे संघ, आडवे संघ.
वडील मागावर ताणा लावायचे त्याच हातानं
सर रेघा ओढायचे.
विजापूरवाले दोघांशीही बरोबरीत.
बार्शीवाले आलेच नाहीत, त्यांची गाडी चुकली:
ह्याचा पूर्ण गुण द्यायचा की अर्धा?
ह्या एका गाडीवर आमचे चार दिवस गेले.

सहा जूनला उत्तर आलं.
टेकडीवरचं कॉलेज पुढं, सात शतांशांनी.
सात शतांश म्हणजे किती हो सर?
सरांनी टॉवेलची एक दशी उपसली.
"एवढं."

ते घेऊन आम्ही सात रस्त्याला गेलो,
दाऊद नदाफांच्या सायकल दुकानात.
त्या वर्षीचे सगळे सामने त्यांच्या शिट्टीवर झालेले.
ट्यूब पाण्यात दाबून बुडबुडा शोधत
ते सगळं ऐकून घेतले, मग म्हणाले,
"आणि रात्रपाळीवाले?"
कोण रात्रपाळीवाले?
"गिरणीची पोरं हो. पहाटे पाळी सुटली की यायची,
केसांत कापूस तसाच.
कॉलेजवाले सरावाला म्हणून बोलवायचे.
आठवड्यात दोघांना हाणले बे त्यांनी.
एकाला तीन, एकाला चार. अनवाणी."
पेपरात नाही कुठं, सर म्हणाले.
"पेपरवाला पहाटे उठतोय होय?"

बुडबुडा सापडला. दाऊदचाचांनी तिथं
पेन्सिलीनं गोल केला.

सर घरी आले ते जेवले नाहीत.
तक्त्यात एक रेघ उभी वाढवली, एक आडवी.
सगळं वजन हललं.
बार्शीची गाडी, विजापूरची बरोबरी, सात शतांश,
सगळं परत पहिल्यापासून.
रात्रपाळी सर्वांत वर, बाकीच्यांपासून पुष्कळ लांब.
खाली त्या दोघांत
आता पेठेतलं कॉलेज केसभर पुढं.
सर हसले. मी त्यांना हसताना पाहिलं ते तेव्हाच.

दोन्ही प्राचार्यांना पत्रं गेली.
एकाचं उत्तर आलं, इंग्रजीत, आभाराचं.
फळ्या अजून आहेत. मागच्या दिवाळीत
नवा रंगही दिला कोणीतरी.

वही माझ्याकडे आहे.
शेवटच्या पानावर सरांना अकरा नावं हवी होती.
दाऊदचाचांना सात आठवली:
चनबसू, मल्लेशम, दोन इराण्णा, रज्जाक,
नाग्या, आणि गोलात उभा राहायचा तो कोंडी.
आठवा डावखुरा होता, म्हणाले, नाव गेलं.
मी पेन उचललं.
सर म्हणाले, उचलू नको, लिही.
काय लिहू?
"डावखुरा."